सांधा

माझे वडील देझो
सेगेदच्या रोकुश यार्डात सांधेवाले होते.
एकोणतीस हिवाळे, एकच लोखंडी दांडा:
ओढला की मालगाडी बुडापेस्टच्या रुळावर,
सोडला की साखर कारखान्याच्या.
रात्री जेवायला बसले
तरी उजवी मूठ वळलेलीच असायची,
चमचा तिच्यात खोचावा लागे.

मीही सांधेच बदलते.
फक्त माझ्या गाडीला वजन नाही
आणि दांड्याला हात नाही.

काचेत कोरलेली एक वाट, केसाहून बारीक.
पुढे ती फुटते, वळसा घेऊन पुन्हा एक होते,
तिसा नदी बेटाभोवती होते तशी.
त्यातल्या एका फाट्यावर मी पसरते जांभळी साय,
मिठागरातल्या जिवाणूंच्या त्वचेची.
गोडं पाणी त्यांना मारतं.
जिथे बाकी सगळं लोणच्यासारखं मुरून पडतं
तिथे ते उन्हावर जगतात,
भाकरीशिवाय.

हिरवा किरण पडला
की सायीतला एक रेणू कमरेत वाकतो.
एवढंच.
जांभळं फिकटून पिवळं होतं,
आणि शेजारून धावणाऱ्या उजेडाचं
अर्धं पाऊल चुकतं.
डावीकडून निघणारा तो उजवीकडून निघतो.
निळा किरण टाका, रेणू पुन्हा ताठ.
उजेडानेच उजेडाला म्हणायचं, सरक जरा.
मध्ये तार नाही, ठिणगी नाही,
शिट्टीसुद्धा नाही.

जानेवारीत एकदा वडिलांना प्रयोगशाळेत आणलं.
मोतीबिंदू काढून महिना झालेला;
येताना ट्राममध्ये दुकानांच्या पाट्या बघत होते,
म्हणाले, निळा रंग असा असतो
हे मी विसरूनच गेलो होतो.
झोम्बोरने त्यांना लांबच्या खुर्चीत बसवलं,
कॉफी दिली.

आणि नेमकं तेव्हाच काही चालेना.
हिरवा पडत होता, निळा पडत होता,
साय ढिम्म.
पडद्यावरची रेघ आमच्या माळरानासारखी सपाट,
एक झाड नाही, एक विहीर नाही.
झोम्बोर आरसे पुसत राहिला,
मी स्क्रू पिळत राहिले,
पाव फिरकी इकडे, पाव फिरकी तिकडे,
पाहुण्यांसमोर पोर पाढे विसरावं
तसे माझे कान तापले.

वडील बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"गोठलाय तुमचा सांधा.
आम्ही मीठ टाकायचो."

झोम्बोर हसला. मीही हसले.
मीठ! मिठाच्याच पोटची पोर ही,
तिला मिठाचं काय सांगता?
हसता हसता नजर भिंतीवरच्या काट्याकडे गेली.
हीटरने खोलीतली ओल पार शोषून घेतली होती.
आणि पाण्याशिवाय हे प्रथिन
आपला फेरा पुरा करत नाही,
वाकतं आणि अवघडून राहतं,
गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यासारखं.

चहाच्या कपाटातून मिठाची बरणी आणली.
(कुणीतरी तिखटाचा चमचा तसाच घातलेला,
वर दोन लाल कण.)
बशीत ओलं मीठ कालवून
सायीशेजारी पेटीत ठेवलं, झाकण लावलं.
ओलं मीठ हवेची ओल राखतं,
कमी पडू देत नाही, जास्त होऊ देत नाही.
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
पुस्तक कपाटात होतं.

चाळीस मिनिटं.
मग रेघ उठली,
बसली,
उठली.

वडील उठून जवळ आले.
निळ्या ठिपक्याकडे इतका वेळ बघत राहिले
की मला वाटलं त्यांना झोप लागलीय.
"दांडा कोण ओढतं?"
उजेड, म्हटलं.
"आणि चुकून ओढला तर?
चौकशीला कुणाला बोलावतात?"

झोम्बोर कप विसळायला गेला.
मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.
वही ओढून मी त्या दिवसाच्या पानावर लिहिलं:
रात्री नऊ चाळीस. सांधा सुरू.
मीठ: देझो.
त्यांनी वाचलं, खिशातला चष्मा काढून
पुन्हा वाचलं,
आणि खाली, जुन्या सवयीने,
वळलेल्या मुठीने
सही केली.